होतकरूंचा हिशेब

२०२३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम या शहरात काही आठवडे राहण्याचा योग आला. तेथील विद्यापीठात भारतीय इतिहासावर व्याख्याने द्यायची होती. दिवसाचे काम आटोपले की संध्याकाळ मोकळी असे. मुक्कामापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, तंबाखूच्या जुन्या कारखान्यांच्या तांबड्या विटांच्या इमारतींना लागून, बेसबॉलचे एक मैदान होते. ‘डरहॅम बुल्स’ हा तेथील संघ. मैदानाच्या कडेला एका बैलाची प्रचंड आकृती उभी केलेली आहे. यजमान संघाच्या खेळाडूने चेंडू कुंपणापार टोलवला की तिचे डोळे लालभडक होतात आणि नाकपुड्यांतून धूर निघू लागतो. लहान मुले टाळ्या पिटतात. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्या लखनौच्या माणसाला हा सगळा प्रकार सुरुवातीला पोरखेळ वाटला. पुढे मात्र मी एकही सामना चुकवेनासा झालो.

याचे श्रेय माझ्या शेजारी बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना द्यायला हवे. हातात पेन्सिल आणि मांडीवर धावफलकाची वही घेऊन ते प्रत्येक चेंडूची नोंद करीत. कोण जिंकले, कोण हरले, याबद्दल ते बऱ्यापैकी उदासीन होते. त्यांचे सारे लक्ष खेळाडूंवर असे. एकदा त्यांनी एका विशीतल्या फलंदाजाकडे बोट दाखवून मला सांगितले, “याला आज डोळे भरून पाहून घ्या. महिन्याभरात हा इथे नसेल, वर गेलेला असेल.” थोड्या वेळाने तिशीकडे झुकलेला दुसरा खेळाडू मैदानात उतरला. त्याच्याकडे पाहत ते म्हणाले, “आणि हा पुढच्या वर्षी कुठेच नसेल.”

पहिल्या वाक्यात जो आनंद आहे तो कोणत्याही क्रीडारसिकाला कळेल. दुसऱ्या वाक्याने मात्र मला अस्वस्थ केले, आणि ती अस्वस्थता घेऊनच मी मायदेशी परतलो. हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

वाचकांसाठी प्रथम या व्यवस्थेची थोडी ओळख करून देतो. अमेरिकेत सर्वोच्च पातळीवर, म्हणजे ‘मेजर लीग’मध्ये, तीस संघ आहेत. प्रत्येक संघाच्या पदरी खालच्या पातळीवरचे चार संघ असतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा या चार पायऱ्या. त्यांच्याही खाली नवशिक्यांसाठी उन्हाळी स्पर्धा असतात. या सगळ्या डोलाऱ्याला ‘मायनर लीग’ असे म्हणतात. डरहॅमचा संघ ट्रिपल-ए दर्जाचा, म्हणजे शिखराच्या अगदी खालच्या पायरीवरचा, आणि टँपा बे रेज या मोठ्या संघाशी बांधलेला. खेळाडूचा करार मोठ्या संघाशी असतो. त्याला केव्हा वर न्यायचे, केव्हा खाली पाठवायचे आणि केव्हा नारळ द्यायचा, हे मोठा संघ ठरवतो. या शिडीवर पाय ठेवणाऱ्यांपैकी ढोबळ मानाने दहातला एखादाच शिखरावर पोहोचतो. तोही बहुधा थोड्या दिवसांसाठी.

असे असूनही लोक हे सामने मोठ्या संख्येने पाहतात. महासाथीच्या आधीच्या, २०१९च्या हंगामात मायनर लीगच्या मैदानांवर चार कोटींहून अधिक प्रेक्षकांनी हजेरी लावली होती. तिकीट स्वस्त असते, मैदान घराजवळ असते, संध्याकाळ कुटुंबासह घालवता येते, ही कारणे आहेतच. त्याहून खोल कारण आहे ते उमेदीचे. ज्याचे नाव उद्या सारा देश घेणार आहे त्याला आपण आज, पन्नास पावलांवरून, चुका करताना पाहिलेले असते. रोपटे मातीतून वर येताना पाहण्याचे सुख वटवृक्षाखाली बसण्याच्या सुखापेक्षा वेगळे असते.

या उमेदीची आता बाजारपेठही झाली आहे. होतकरू खेळाडूंच्या क्रमवाऱ्या लागतात. ‘बेसबॉल अमेरिका’ हे नियतकालिक १९९०पासून दरवर्षी पहिल्या शंभरांची यादी प्रसिद्ध करते, आणि तिच्यावर घरोघरी वाद रंगतात. गंमत अशी की, भाकीत करणाऱ्यांचे पितळ वारंवार उघडे पडते. १९८८च्या निवडीत माइक पियाझा या खेळाडूला बासष्टाव्या फेरीत, म्हणजे १,३८९ जणांची नावे पुकारून झाल्यावर, कोणीतरी घेतले. २०१६मध्ये त्याच पियाझाची बेसबॉलच्या मानकरी-दालनात स्थापना झाली. ज्यांची नावे त्याच्या आधी पुकारली गेली, त्यांतील बहुतेकांची आज कोणाला आठवणही नाही.

मायनर लीगच्या इतिहासातील एक सामना मला या साऱ्या व्यवस्थेचे रूपक वाटतो. १८ एप्रिल १९८१ रोजी ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे, यजमान संघ आणि रॉचेस्टर यांच्यात सामना सुरू झाला. नऊ डावांत संपायचा खेळ बरोबरीमुळे लांबत गेला. कडाक्याच्या थंडीत पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, बत्तीस डावांनंतर, तो थांबवण्यात आला तेव्हा मैदानात फक्त एकोणीस प्रेक्षक उरले होते. जूनमध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि अठरा मिनिटांत संपला. व्यावसायिक बेसबॉलमधील हा सर्वांत लांब सामना. त्या सामन्यात खेळलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन हे दोघे पुढे या खेळातील महान खेळाडू ठरले. मात्र ज्याच्या फटक्यावर निर्णायक धाव निघाली तो डेव्ह कोझा मेजर लीगमध्ये एकदाही खेळू शकला नाही. तिघांनी त्या रात्री सारखीच थंडी सोसली होती.

आता माझ्या स्वतःच्या गावाकडे वळतो. लखनौच्या के. डी. सिंह ‘बाबू’ स्टेडियमवर मी लहानपणापासून रणजी सामने पाहत आलो. २००५-०६च्या हंगामात मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली उत्तर प्रदेशने बंगालवर पहिल्या डावाची आघाडी मिळवून याच मैदानावर रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा मी तेथे होतो. आम्हा चार-पाच मित्रांचा एक छंद होता. वयोगटांच्या सामन्यांना जायचे, त्यातला एखादा मुलगा हेरायचा आणि ‘हा भारताकडून खेळणार’ अशी पैज लावायची. डरहॅमच्या त्या वृद्ध गृहस्थांसारखीच माझ्याकडेही वही होती.

त्या वहीत एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या नावाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या. मुलगा पूर्वांचलातल्या एका खेड्यातून आलेला. त्याचा चेंडू हवेत असा काही थबकायचा की फलंदाजाचे पाऊल आधीच पुढे पडायचे. दोन-तीन वर्षे त्याचे नाव स्थानिक वृत्तपत्रांत झळकत राहिले, नंतर दिसेनासे झाले. मीही विसरलो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या वार्षिक समारंभाला पाहुणा म्हणून गेलो असता तेथे क्रीडाशिक्षक म्हणून तोच भेटला. नोकरी कंत्राटी होती. मी त्याच्या जुन्या सामन्यांची आठवण काढली तेव्हा तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “भाईसाहब, तुम्ही मला पाहायला येत होता हे मला ठाऊक नव्हते. कोणी येते असे वाटतच नसे.” हंगामाच्या तोंडावर नेटमध्ये त्याचा खांदा दुखावला होता. उपचाराचा खर्च घरच्यांनी थोडी जमीन विकून केला. त्या वर्षी सामने नाहीत म्हणून मानधन नाही, आणि पुढच्या वर्षी निवडीच्या यादीत नाव नाही. “कोणी काढून टाकले असेही नाही,” तो म्हणाला, “फक्त बोलावणे आले नाही.”

माझ्या वहीतल्या दोन रेघांची मला त्या दिवशी लाज वाटली. त्याच्यावर पैज लावणाऱ्या माझ्यासारख्या रसिकाने, त्याचे पुढे काय होते, हे कधी विचारलेच नव्हते.

अमेरिकेतही हा प्रश्न शंभर वर्षे कोणी फारसा विचारला नाही. १९२२मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असा विचित्र निवाडा देऊन या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. परिणाम असा की, होतकरू खेळाडू पहिल्या करारानंतर सात हंगाम एकाच मालकाशी बांधला जाई आणि त्याचे वेतन मालक मंडळी आपापसांत ठरवीत. वेतन मिळे ते फक्त हंगामापुरते. वसंतातले सराव शिबिर बिनपगारी. हिवाळ्यात ही मुले गोदामात माल उचलीत, गाडीतून घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवीत. हंगामात सहा-सहा जण एका घरात, जमिनीवर गाद्या टाकून राहत.

गॅरेट ब्रॉशस हा याच शिडीवरून मध्येच उतरावे लागलेला एक पिचर. खेळ सोडल्यावर तो वकील झाला, आणि २०१४मध्ये त्याने आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या वतीने, किमान वेतनाचा कायदा आम्हालाही लागू करा, असा दावा दाखल केला. दावा चालू असतानाच मालकांनी आपले राजकीय वजन वापरले. २०१८मध्ये दोन हजारांहून अधिक पानांच्या अर्थसंकल्पीय विधेयकात, कोणाच्या फारसे लक्षात येणार नाही अशा जागी, ‘अमेरिकेचा लाडका खेळ वाचवण्या’च्या नावाखाली एक कलम घुसवण्यात आले आणि या मुलांना किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळण्यात आले. खेळावरील प्रेमाची इतकी निर्लज्ज साक्ष क्वचितच कोणी काढली असेल.

पण वारे फिरले. २०२०मध्ये महासाथीमुळे मायनर लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला आणि शेकडो मुलांना एका झटक्यात मोकळे करण्यात आले. तेव्हा डेव्हिड प्राइस या नामांकित पिचरने आपल्या नव्या संघाच्या पदरी असलेल्या प्रत्येक मायनर लीग खेळाडूला स्वतःच्या खिशातून एक हजार डॉलर देऊ केले. दानशूरपणाची ही बातमी वाचून लोकांना पहिल्यांदा प्रश्न पडला की, अब्जावधींच्या उद्योगातील कामगारांना सहकाऱ्याच्या दानावर का जगावे लागते? २०२२च्या जुलैमध्ये मालकांनी ब्रॉशस यांच्या दाव्यात १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले. मी डरहॅमला पोहोचलो त्याच सुमारास त्यांचा पहिला सामूहिक करार झाला होता. ट्रिपल-ए पातळीवरचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेले. राहण्याची सोय मालकांनी करायची आणि सराव शिबिराचेही पैसे द्यायचे, असे ठरले.

या यशाची किंमतही मोजावी लागली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. करारानंतर प्रत्येक मोठ्या संघाला आपल्या पदरी ठेवता येणाऱ्या खेळाडूंची कमाल संख्या १८०वरून १६५वर आणण्याची मुभा मिळाली. त्याआधीच, २०२१मध्ये, मालकांनी संलग्न संघांची संख्या १६०वरून १२०वर आणली होती. ज्या चाळीसेक गावांचे संघ गेले, त्यांतील अनेक गावे लहान होती आणि तेथे उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमण्याची दुसरी जागा नव्हती. वेतनवाढीमुळे संघ गेले असे म्हणता येणार नाही, कारण कपात आधी झाली आणि करार नंतर. पण सन्मानाने जगवायचे असेल तर जागा कमी होतील, हा मालकांचा युक्तिवाद उद्या आपल्याकडेही ऐकू येईल. म्हणून तो नोंदवून ठेवतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे? रणजी करंडक १९३४-३५पासून खेळला जातो. आज त्यात ३८ संघ आहेत. प्रत्येक संघ पंधरा-सोळा जणांचा धरला तरी सहाशेच्या आसपास तरुण या पायरीवर उभे आहेत. वयोगटांचे संघ आणि महिलांचे संघ धरले तर हा आकडा कितीतरी वाढतो. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार, चाळीसहून अधिक सामन्यांचा अनुभव असलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ६० हजार रुपये, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून नवख्याला ४० हजार मिळतात. साखळीतले सातही सामने, म्हणजे अठ्ठावीस दिवस, खेळायला मिळाले तर नवख्याचे सव्वाअकरा लाखांच्या आसपास होतात. ही रक्कम क्षुल्लक नाही. देशातील इतर कोणत्याही खेळाच्या होतकरूला ती स्वप्नवत वाटेल. मंडळाला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

खरी उणीव शाश्वतीची आहे, आणि दुसरी उणीव आवाजाची. पैसे मिळतात ते खेळलेल्या दिवसांचे. बोट मोडले, खांदा निखळला, निवडसमितीची मर्जी फिरली, की आकडा शून्यावर येतो. २०२०-२१च्या हंगामात महासाथीमुळे रणजी स्पर्धा इतिहासात पहिल्यांदाच रद्द झाली तेव्हा हे उघडे पडले. आधीच्या हंगामात खेळलेल्यांना निम्मे मानधन भरपाई म्हणून देण्याचे मंडळाने ठरवले ते २०२१च्या सप्टेंबरात. तोपर्यंत घर कसे चालले, हे त्या घरांनाच ठाऊक. सौरव गांगुली २०१९मध्ये मंडळाचे अध्यक्ष झाले तेव्हा प्रथम श्रेणी खेळाडूंना वार्षिक करार देण्याचा मनोदय त्यांनी जाहीर केला होता. गांगुली आले आणि गेलेही, परंतु देशभर लागू होईल अशी करारपद्धत काही आली नाही.

पूर्वी ही शाश्वती नोकरीतून मिळे. रेल्वे, स्टेट बँक, तेल कंपन्या, मुंबईत टाटा, निर्लॉन आणि मफतलाल यांच्यासारख्या उद्योगांचे संघ असत. राजिंदर गोयल यांनी रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेतले आणि पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मल्यामुळे दोघांनाही भारताची टोपी मिळाली नाही. पण त्या काळी टोपी हुकली तरी महिन्याचा पगार आणि सन्मानाचे निवृत्त आयुष्य हाती राहत असे. आज त्या कायमस्वरूपी नोकऱ्या आटत चालल्या आहेत, आणि त्यांची जागा लिलावाने घेतली आहे. लिलाव ही सोडत आहे. तो एकाला कोट्यधीश करतो आणि त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या दहांना पुढच्या वर्षीची आशा देऊन परत पाठवतो.

आवाजाचे म्हणावे तर स्थिती आणखी बिकट आहे. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली, पण ती केवळ माजी खेळाडूंची. ज्याला उद्या निवड हवी आहे त्या खेळाडूच्या वतीने आज बोलणारे कोणी नाही. आणि त्याला दुसरीकडे जाण्याची वाटही नाही. २००७मध्ये बंडखोर ‘इंडियन क्रिकेट लीग’मध्ये गेलेल्यांवर मंडळाने बंदी घातली होती. आजही भारतीय पुरुष खेळाडूला परदेशी लीगमध्ये खेळायचे असेल तर आधी भारतीय क्रिकेटमधून निवृत्त व्हावे लागते. अमेरिकेतील सात हंगामांच्या बंधनाला आपण हसू नये. आपले बंधन आजन्म आहे.

याची दोन उदाहरणे मला डरहॅममध्येच, अगदी हाताशी सापडली. तेथून जवळच मॉरिसव्हिल हे गाव आहे. भारतीयांची तेथे मोठी वस्ती आहे, आणि एक देखणे क्रिकेट मैदानही. अमेरिकेच्या ‘मायनर लीग क्रिकेट’ या स्पर्धेचा २०२१चा अंतिम सामना तेथे झाला आणि विजेत्या संघाचा कर्णधार होता उन्मुक्त चंद. २०१२च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १११ धावा करून ज्याने भारताला करंडक मिळवून दिला, तोच हा उन्मुक्त. भारताच्या मुख्य संघात त्याला एकदाही स्थान मिळाले नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्ती पत्करून तो तेथे गेला. दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक आहे. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१०च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आणि पुढे मुंबईकडून रणजीत खेळला. मग पायरी सुटते आहे हे ओळखून तो शिकायला कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि संगणक अभियंता झाला. २०२४च्या जूनमध्ये अमेरिकेकडून खेळताना त्याने पाकिस्तानविरुद्धचे सुपर ओव्हर जिंकून दिले, आणि सहा दिवसांनी रोहित शर्मा व विराट कोहली या दोघांनाही बाद केले. त्याच्या हाती पदवी होती, म्हणून त्याला दुसरा डाव खेळता आला. माझ्या लखनौच्या फिरकी गोलंदाजाच्या हाती ती नव्हती.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. लखनौच्या गुरु गोविंदसिंह क्रीडा महाविद्यालयात भालाफेक शिकणारे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे पूर्व उत्तर प्रदेशातले दोन तरुण २००८मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले. वेगवान चेंडू फेकण्याच्या बळावर त्यांना पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने करारबद्ध केले, आणि २००९च्या उन्हाळ्यात ते मायनर लीगच्या सर्वांत खालच्या पायरीवर खेळले. आयुष्यात कधी बेसबॉल पाहिलाही नव्हता अशा मुलांसाठी हे अचाट होते. दिनेश २०१०च्या अखेरीस घरी परतले. रिंकू दुखापतींशी झुंजत काही वर्षे टिकले, एक पायरी वर चढले आणि अखेर व्यावसायिक कुस्तीच्या झगमगाटात गेले. २०१४मध्ये त्यांच्यावर हॉलिवुडने चित्रपट काढला. तो करारापाशी, आनंदाच्या क्षणी संपतो. सुरेश रैना याच क्रीडा महाविद्यालयात घडला. एकाच आवारातून निघालेल्या या तिघांच्या कष्टांत फार अंतर नसेल. अंतर होते ते नशिबात, आणि नशीब रुसल्यावर खाली जाळी आहे की नाही, यात.

आपण प्रेक्षकही या हिशेबातून सुटत नाही. ३१ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या मैदानावर रणजी सामन्याला हजारोंची गर्दी लोटली होती, कारण बारा वर्षांहून अधिक काळानंतर विराट कोहली रणजीत उतरला होता. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा त्रिफळा सहा धावांवर उडवला, आणि पाहता पाहता मैदान रिकामे होऊ लागले. ज्या गोलंदाजाने आयुष्यातला सर्वांत मौल्यवान चेंडू टाकला होता, त्याचे पुढचे षटक पाहायला लोक थांबले नाहीत. पॉटकेटच्या त्या एकोणीस जणांची मला तेव्हा आठवण झाली.

काय करता येईल? तीन गोष्टी मला तातडीच्या वाटतात. पहिली, राज्य संघांतून निवडलेल्या प्रत्येक वरिष्ठ खेळाडूला, पुरुष असो वा स्त्री, वर्षभराचा किमान करार मिळावा आणि दुखापतीच्या काळातील वेतन व उपचार त्यात धरलेले असावेत. सामन्याचे मानधन त्यावर वेगळे. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला सहाशे-सातशे, किंवा महिला धरून बाराशे-तेराशे, करारांचे ओझे जड होईल असे कोणीही गंभीरपणे म्हणू शकणार नाही. अमेरिकी मालकांचा ‘जागा कमी होतील’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही, कारण राज्यांचे संघ हे नफ्यासाठी विकत घेतलेले संघ नव्हेत. दुसरी, विद्यमान खेळाडूंना संघटित होण्याचा आणि वाटाघाटींत बसण्याचा हक्क मान्य व्हावा. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांमध्ये खेळाडूंच्या समितीची कल्पना स्वीकारलेलीच आहे. तिच्यात प्राण फुंकण्याची गरज आहे. तिसरी, वयोगटातील मुलांचे शिक्षण ही निवड करणाऱ्या संस्थेची जबाबदारी मानावी. तेराव्या-चौदाव्या वर्षी लिलावात बोली लागण्याच्या या काळात तर हे अधिकच निकडीचे आहे. आपण ज्याचे बालपण घेतो, त्याला निदान दहावी-बारावी पुरी करून दिली पाहिजे.

‘स्पर्धेत काही जिंकणार, काही मागे पडणार, त्याला इलाज काय,’ असे यावर म्हटले जाईल. मला ते मान्य आहे. प्रत्येक होतकरूला शिखरावर नेणे कोणालाच शक्य नाही, आणि तसे वचन देणे खोटेपणाचे ठरेल. पण शिखर उभे राहते ते खालच्या पायऱ्यांच्या आधारावर. नेटमध्ये गोलंदाजी करणारे, बारावा खेळाडू म्हणून पाणी नेणारे, शतक हुकल्याने विसरले गेलेले हे सारे नसते, तर वरच्या अकरांना घासूनपुसून काढले असते कोणी? अमोल मुझुमदार यांनी पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात २६० धावा केल्या, अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या आणि भारताकडून ते एकदाही खेळले नाहीत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते मुझुमदार. राहून गेलेल्या माणसाकडे देशाला देण्यासारखे किती असते, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. मात्र तो देण्यासाठी त्याला खेळात टिकून राहता आले पाहिजे.

डरहॅममधल्या माझ्या शेवटच्या संध्याकाळी मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, “तुम्ही नोंदी पेन्सिलीनेच का करता?” ते हसले. म्हणाले, “सवय. इथे नावे सारखी बदलतात, खोडावी लागतात.” मग थोडे थांबून त्यांनी वहीची मागची पाने मला दाखवली. खोडलेली सारी नावे तेथे, एकाखाली एक, त्यांनी शाईने लिहून ठेवली होती.

लखनौला परतल्यावर मी माझी जुनी वही शोधून काढली. ती दोन रेघांची नोंद अजून तशीच आहे. तिच्या पुढे आता मी त्या शाळेचे नाव आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांची नावे लिहिली आहेत. मुले डावखुरी फिरकी टाकतात, आणि त्यांचा चेंडू हवेत थबकतो, असे तो सांगतो. या हिवाळ्यात त्यांना पाहायला जायचे ठरवले आहे. या वेळी पैज लावणार नाही.